विलायती पोथीची समाप्ती

मुरुमच्या आमच्या वकीलसाहेबांना मी विद्वान म्हणावं, अशी त्यांची फार इच्छा होती. त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत मी भाड्यानं राहिलो, त्यांच्याच ओसरीवर वर्षानुवर्षं बसलो, पण तो शब्द तोंडातून जाऊ दिला नाही, आणि याचं मला आजही समाधान वाटतं. माणूस शिकलेला होता, यात वाद नाही. हैदराबादेहून सनद आणलेली, उर्दू आणि फारशी त्यांच्या घरी पाणी भरत, शिवाय इंग्रजी येत होतं, जे त्या काळी आमच्या गावात दुसऱ्या कुणालाच धड येत नव्हतं. पण विद्या अंगी लागते ती एखाद्याच्याच. यांच्या ती नुसती डोक्यावर बसली होती.

उन्हाळा असो की पावसाळा, शेरवानीची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली आणि हातात मिटलेली छत्री. ती छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. पाऊस आला की ते तिला शेरवानीच्या आत धरायचे आणि स्वतः चिंब भिजत घरी यायचे. विचारलं तर म्हणायचे, विलायती घडी आहे, एकदा मोडली की तशी बसत नाही. ओसरीवर उभे राहून ते आधी छत्री पुसत आणि मग डोकं.

दुसऱ्याची चूक दिसली की त्यांना अन्न गोड लागायचं. एका लग्नात त्यांनी मंगलाष्टकं मध्येच थांबवली. भटजींचा काही उच्चार चुकला होता. दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी हातात अक्षता धरून उभी, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आलेले, आणि हे भटजींकडून ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणवून घेतायत. मुहूर्त टळला म्हणून मुलीची आत्या रडायला लागली, तेव्हा यांनी तिलाही समजावलं की चूक ती चूक, मग ती मुहूर्तावर का झालेली असेना.

कोर्टातही तेच. मुन्सफसाहेबांना शेरोशायरीचा नाद. एकदा भर कोर्टात त्यांनी एक फारशी शेर म्हटला आणि आमच्या वकीलसाहेबांनी उठून तो दुरुस्त केला. मुन्सफांचा चेहरा पाहून पक्षकारानं तिथंच कपाळाला हात लावला. बांधाचा दावा होता, हातचा होता, तो गेला. बाहेर आल्यावर तो शेतकरी बिचारा म्हणाला, सायेब, माझा बांध गेला की. त्यावर हे म्हणाले, "पण शेर तर दुरुस्त झाला." पुढं पुढं त्यांच्याकडं कज्जे येईनासे झाले यात नवल नव्हतं, पण त्यांना ते नवल वाटायचं आणि गावाच्या अज्ञानाबद्दल ते माझ्याजवळ हळहळायचे.

कामधंदा नसलेल्या शिकलेल्या माणसाला जे सुचतं ते त्यांना सुचलं. वाचक मंडळ काढायचं. आठवड्याला एकदा जमायचं, एखादी कादंबरी वाचायची आणि तिच्यावर चर्चा करायची. हैदराबादेत मोठ्या लोकांत असं चालतं म्हणे. पण तो निजामाचा अंमल होता. चार माणसं एका ठिकाणी बसायची म्हटलं तरी परवानगी लागायची, मंडळ म्हटलं की पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांच्या भुवया वर जायच्या आणि माझ्यासारख्या सरकारी शाळेतल्या मास्तराची तर नोकरीच जायची. देवधर्माच्या वाचनाकडं मात्र सहसा कुणी बघत नसे. वकीलसाहेबांनी कायद्याचा कीस काढला आणि चावडीवर जाऊन सांगून आले की माझ्या ओसरीवर दर शुक्रवारी दुपारी पोथी लागणार आहे.

मग त्या पोथीचा थाट केला. ओसरीवर चौरंग मांडला, त्याच्यावर तांबडं कापड, बाजूला समई, उदबत्ती. चौरंगावर इंग्रजी कादंबरी, रेशमी खणात बांधलेली. सोलापूरच्या जुन्या बाजारातून आणलेलं जाडजूड पुस्तक होतं ते, पण एका गोऱ्या साहेबानं भेट दिलं असं ते सांगायचे. तिचं नाव त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. ते तिला 'ग्रंथ' म्हणायचे आणि गाव म्हणायचं 'विलायती पोथी'. सुरुवातीला गणपतीला नमस्कार, मग वकीलसाहेब हात धुऊन खण सोडायचे, एकेक वाक्य डोळ्यांनी इंग्रजीत वाचायचे आणि तोंडानं मराठीत सांगायचे. शेवटी प्रसाद. प्रसाद झाल्यावर चर्चा.

अमीनसाहेबांनी तरीही कासीम नावाचा एक पोलीस जवान लक्ष ठेवायला धाडला होता. पहिल्या शुक्रवारी तो दारात उभा राहिला, दुसऱ्या शुक्रवारी पायरीवर बसला, आणि तिसऱ्या शुक्रवारी चौरंगाच्या जवळची जागा धरायला सगळ्यांच्या आधी आला. कारण गोष्ट, खरं सांगायचं तर, सोडवत नव्हती. उजाड माळावर एका उमरावाचा भला मोठा महाल. उमरावाचा धाकटा भाऊ बोट बुडून मेला म्हणतात, पण त्याचं प्रेत सापडलेलं नाही. उमराव नवी बायको करून आणतो. महालाच्या वरच्या मजल्यावर धाकट्याची खोली, तिला कुलूप, किल्ली कुठं आहे ते कुणी सांगत नाही. आणि रात्र झाली की त्या बंद खोलीत बूट घातलेली पावलं वाजतात. नवी सून विचारते, नोकर मान खाली घालतात.

वर कोण चालतं, यावर आमची चर्चा. तिच्यात विलायती काही नव्हतं. शिवलिंगप्पा अडत्या भुसाराच्या दुकानातून थेट यायचा आणि त्याचा निकाल पहिल्या दिवसापासून तयार होता. "धाकला जित्ता हाय. वाटणी द्याची न्हाय म्हणून थोरल्यानं कोंडलाय. आमच्या भावकीत ह्ये रोजचं हाय." कासीमला महालाची कारभारीण बाई संशयास्पद वाटायची. कुणी म्हणायचं भूत. वकीलसाहेब डोळे मिटून सगळं ऐकत आणि शेवटी एकच शब्द बोलत, "अपरिपक्व." त्यांना शेवट ठाऊक होता. आपल्याला ठाऊक आहे आणि यांना नाही, याचं त्यांना जे सुख होतं ते मी फार जवळून पाहिलंय. कासीमनं एकदा काकुळतीला येऊन विचारलं, "वकीलसाब, उप्पर कौन चलता जी? मेरे कान में बोलो." त्यांनी खण बांधला आणि पुढच्या शुक्रवारचा वायदा केला.

प्रसाद आणायची सुगलाबाई. कोपऱ्यावर फुटाणे-चिरमुरे विकणारी विधवा बाई. वकीलसाहेबांनी तिला गूळ-फुटाणे आणायला सांगितले होते. ती आणून ठेवायची आणि खांबाला टेकून बसायची. ही गंमत आहे, देखावा आहे, हे तिला कुणी सांगितलंच नाही. चौरंग दिसला, समई दिसली, ती पाया पडली. परमुलखातल्या देवाची पोथी असेल, असं तिनं मनाशी धरलं. तिचा एकुलता एक मुलगा मारुती त्या वर्षी सरहद्दीपलीकडं, सोलापूरच्या बाजूला, निजामाशी लढणाऱ्या पोरांच्या छावणीत गेला होता. गावात सांगायचं ते गिरणीत लागला म्हणून. कासीम बसलेला असताना ती काय बोलणार? पण एक दिवस तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं की तिनं पोथीला नवस केलाय. समाप्तीपर्यंत शुक्रवारी दिवसभर तोंडात काही घालायचं नाही, आणि समाप्ती झाली की मारुती घरी यायचा. "त्यो धाकला वर हाय, मास्तर. दार उघडलं की खाली येतोय बगा."

मी ताबडतोब वकीलसाहेबांकडं गेलो. म्हटलं, बाई कडक उपास करते, वाचन जरा आटपतं घ्या. मला वाटलं होतं त्यांना ओशाळं वाटेल. उलट ते खुलले. आपल्या वाचनावर कुणी नवस बोललंय, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात अशी गेली की त्यांनी वाचनाची चाल आणखी मंद केली. एक अख्खा शुक्रवार विलायती घरात शेगडी भिंतीत कशी बांधतात यावर गेला. दुसरा तिकडच्या धुक्यावर. सुगलाबाई सुकल्या तोंडानं खांबाशी बसलेली, धुकं संपायची वाट बघत. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंही नाही.

शेवटी शेवटी गोष्ट त्या खोलीच्या जिन्यापाशी आली. नव्या सुनेच्या हाती किल्ली लागली होती. एका बैठकीचं वाचन उरलं होतं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात रझाकारांच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांतून फिरू लागल्याची बातमी आली. गावातली बरीच कुटुंबं पुढं सोलापुरात गेली, त्यांना मी नावं ठेवत नाही; जीव सगळ्यांना प्यारा असतो. पण बातमीची खातरजमा व्हायच्या आत जो पहिला माणूस मुरुम सोडून गेला, तो आमचा वकीलसाहेब. सकाळी मी शाळेतून आलो तर घराला कुलूप. माझी वळकटी आणि पेटी ओसरीवर नीट मांडलेली, तिच्या शेजारी मोकळा चौरंग. ग्रंथ अर्थातच नेलेला. निरोपाचा एक शब्द नाही.

शुक्रवारी सुगलाबाई फुटाणे घेऊन आली. शिवलिंगप्पा आला. कासीमची बदली झाली होती. दोघं मोकळ्या चौरंगासमोर बसून माझ्याकडं बघायला लागली. सुगलाबाई म्हणाली, "मास्तर, पोथी अर्धी ठिवू न्हाई. घर बसतं अशानं. तुमी पुरी करा." माझं इंग्रजी ते काय, आणि पुस्तक तरी कुठं होतं? पण तिच्या तोंडाकडं पाहून नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मी चौरंगापुढं बसलो आणि सांगितलं. सून जिना चढते. कुलूप उघडते. आत धाकटा उमराव, दाढी वाढलेला, हडकलेला, पण जिवंत. तो तिचा हात धरून एकेक पायरी उतरत खाली येतो, थोरला पश्चात्तापानं त्याच्या पाया पडतो आणि अर्धी दौलत वाटून देतो. शिवलिंगप्पानं मांडीवर थाप मारली. त्याचं खरं ठरलं होतं. सुगलाबाईनं पदरानं डोळे टिपले आणि प्रसाद वाटला.

मी ते सांगितलं यात माझं चुकलं, असं मला आजही वाटत नाही. ज्याचं काम होतं तो पळाला होता. एकच गोष्ट मला खटकली. पुढच्या शुक्रवारीही ती उपाशीच होती. मी म्हटलं, आता समाप्ती झाली की. ती म्हणाली, असू द्या, अंगवळणी पडलंय.

पोलीस ॲक्शन झाली, निजाम शरण आला, छावणीतली पोरं गावात परत आली. मारुती आला नाही. त्याच्या सोबतच्या दोघांनी मला आणि शिवलिंगप्पाला सगळं सांगितलं. सरहद्दीवरच्या एका ओढ्यात गोळी लागली, यांनी डोळ्यांनी पाहिलं, पण गोळीबार चालूच होता, पुराचं पाणी होतं, देह आणता आला नाही. आम्ही चौघं मिळून तिच्याकडं गेलो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यो येनार हाय. पोथीत आलंय." दोघं पोरं माझ्याकडं बघायला लागली. त्यानंतर तो विषय तिच्यापुढं कुणी काढला नाही. ती रोज त्याच्या वाटणीची भाकरी दुरडीत झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाईला घालायची. कुणाची गाठ पडली की विचारायची, सोलापूरच्या मोटारीतून कोण उतरलं? सगळं गाव जपून उत्तर द्यायचं.

त्या मोटारीतून एक दिवस वकीलसाहेब उतरले. अंगात शेरवानीऐवजी खादीचा लांब कोट, गुंडी मात्र गळ्यापर्यंत. आठवड्याच्या आत शाळेच्या पटांगणात त्यांचा सत्कार झाला आणि त्यात त्यांनी सांगितलं की पोथीच्या मिषानं आपण जुलमी राजवटीच्या नाकावर टिच्चून जनजागृती केली. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. विलायती शेगडीवरून कोण जागं झालं होतं ते मला तरी आठवत नव्हतं. मग समारोपात ते म्हणाले, येत्या शुक्रवारी पोथी पुढं चालू होईल.

पुढं चालू! मध्ये राज्य बुडालं, माणसं मेली, आणि हा गृहस्थ खूण घातलेल्या पानापासून सुरुवात करणार होता. आदल्या दिवशी मी त्यांच्याकडं गेलो. मारुतीचं सांगितलं, मी केलेल्या समाप्तीचं सांगितलं, भाकरीचं सांगितलं. म्हटलं, तुमच्या ग्रंथात काय असेल ते असो, धाकटा जिवंत निघाला एवढं म्हणा. तुमचं काय जातंय? त्यांनी सगळं ऐकलं. मग खणावरची धूळ झटकत म्हणाले, "मास्तर, ग्रंथात जे नाही ते मी वाचणार नाही." मी म्हटलं, म्हातारी मरेल. ते म्हणाले, "ते ग्रंथात बदल करायला कारण होत नाही." मला निजामाचाही इतका राग कधी आला नव्हता. सुगलाबाईला मी निरोप धाडला की उद्या येऊ नकोस, तब्येत सांभाळ. ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

गणपतीला नमस्कार झाला. वकीलसाहेबांनी हात धुतले, खण सोडला, चौरंग जागचा सरकलाय म्हणून तो आधी नीट करून घेतला आणि म्हणाले, "मागल्या बैठकीत आपण जिन्यापाशी होतो." आणि वाचू लागले. सून जिना चढते. कुलूप उघडते. आत थोरला उमराव एकटाच आहे. धाकट्या भावाचे बूट पायात घालून तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालतोय. धाकटा बोटीबरोबरच गेला होता, आणि हे सगळ्यात आधी थोरल्यालाच ठाऊक होतं. पण वरची पावलं थांबली तर भाऊ खरंच मेला असं होईल, म्हणून तो रोज रात्री चालायचा.

शिवलिंगप्पा जमिनीकडं बघत होता. मी सुगलाबाईकडं बघायचं टाळत होतो. ती खांबापासून पुढं सरकली आणि चौरंगासमोर येऊन बसली.

"म्हंजी धाकला तवाच गेला व्हता?"

"तेव्हाच," वकीलसाहेब म्हणाले.

"वर कुनीच नव्हतं?"

"नाही."

"मग ह्यो उगाच चालत व्हता."

त्यांनी चष्मा काढला नाही, आवाज उतरवला नाही, शेर दुरुस्त करताना जसे बोलत तसेच बोलले. "होय, सुगलाबाई. उगाच."

ती तिथंच चौरंगाच्या कडेवर डोकं टेकून रडली. मारुतीची बातमी आल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते सगळं त्या दिवशी आलं. वकीलसाहेब तिच्या पाठीवरून हात फिरवतील, निदान एखादा शब्द बोलतील, असं मला वाटलं. त्यांनी पानावर बोट ठेवलं आणि तिचं रडं संपेपर्यंत गप्प बसून राहिले. मग उरलेली चार वाक्यं वाचली आणि ग्रंथ मिटला. या माणसाला तिचं काय झालंय ते कळत होतं की नुसती मजकुराची काळजी होती, हे मला तेव्हा सांगता आलं नाही. आज विचाराल तर मी दुसरंच म्हणेन. त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला मी बसलेलो नाही.

सुगलाबाईनं पुढच्या आठवड्यात दर्भाचा पुतळा करून मारुतीला अग्नी दिला. शिवलिंगप्पानं लाकडं घातली, छावणीतल्या पोरांनी खांदा दिला. दुरडीत भाकरी झाकून ठेवणं बंद झालं. दहावं-तेरावं झाल्यावरच्या शुक्रवारी, भर दुपारी, ती टोपलीत गूळ-फुटाणे घेऊन ओसरीवर आली आणि समाप्तीचा प्रसाद म्हणून सगळ्यांना वाटला. वकीलसाहेबांनी आपल्या वाट्यातले करपलेले दाणे निवडून बाजूला काढले. माझ्यापाशी आल्यावर तिनं माझ्या ओंजळीत मूठभर घातले, दोन दाणे स्वतःच्या तोंडात टाकले आणि ते चावत माझ्या शेजारी बसली.

"तुमी लई गोड सांगितलं व्हतं, मास्तर," ती म्हणाली. "म्या रोज त्येच आठवून निजायची. पर पोटात भाकर जात नव्हती."